सिस्टेमिक स्क्लेरोसिसमधला फायब्रोसिस : कोणता उपचार, कुणासाठी आणि केव्हा

सिस्टेमिक स्क्लेरोसिसचं (कातडी आणि आतले अवयव कडक करणारा आजार, यालाच स्क्लेरोडर्माही म्हणतात) निदान झालं की पहिल्या दोन-तीन भेटींतच औषधांची नावं कानावर पडू लागतात. मायकोफिनोलेट, निंटेडानिब, टोसिलिझुमॅब, रिटुक्सिमॅब. एखादे डॉक्टर मूलपेशी प्रत्यारोपणाचा विषय काढतात. घरातलं कुणीतरी कार-टी पेशींची बातमी वाचून येतं. मग साहजिकच प्रश्न पडतो : यातलं सगळ्यात प्रभावी कोणतं?

हा लेख रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. निर्णय संधिवाततज्ज्ञ आणि फुप्फुसतज्ज्ञ यांच्याबरोबर बसूनच घ्यायचा आहे, पण त्या बैठकीत नुसती मान डोलवावी लागू नये, म्हणून हा खटाटोप. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते : औषधाची ताकद किती, यापेक्षा आजार आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोणत्या अवयवात जोर धरतोय, यावर निवड अवलंबून असते. तेच औषध दुसऱ्या वर्षी उपयोगी पडेल आणि आठव्या वर्षी वाया जाईल.

फायब्रोसिस होतो कसा

या आजाराचे तीन धागे आहेत. बारीक रक्तवाहिन्या बिघडतात (थंडीत बोटं पांढरी-निळी पडणारा रेनॉड बहुतेकांना सगळ्यात आधी दिसतो), प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि ऊतींमध्ये कोलॅजेन साठत जाऊन त्या कडक होतात. हा तिसरा धागा म्हणजे फायब्रोसिस.

जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेन तयार करतात, जखम भरते आणि काम थांबतं. इथे ते थांबतच नाही. फायब्रोब्लास्टचं रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये होतं. या पेशी स्नायूंसारख्या आकुंचन पावू शकतात आणि कोलॅजेनही जास्त बनवतात. त्यांना हा आदेश देणाऱ्या रेणूंमध्ये सगळ्यात वजनदार नाव टीजीएफ-बीटाचं. त्याच्या जोडीला इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१३, प्लेटलेटमधून येणारा पीडीजीएफ आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारं एंडोथेलिन आहेच.

उपचार निवडताना सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट यापुढची आहे. ऊती एकदा कडक झाली की तो कडकपणाच फायब्रोब्लास्टला चेतवतो. पेशीला भोवतालचा ताण जाणवतो, त्या ताणाने तिच्यातली जनुकं चालू होतात आणि ती आणखी कोलॅजेन बनवते. म्हणजे सुरुवातीला आग लावणारी दाहाची प्रक्रिया शांत झाली, तरी फायब्रोसिस स्वतःच्या जोरावर पुढे चालू राहू शकतो. दाह कमी करणारी औषधं लवकर द्यावी लागतात आणि उशिरा दिल्यास फिकी पडतात, त्याचं कारण हेच. तसंच, दाहाशी थेट संबंध नसलेली, फक्त फायब्रोसिस रोखणारी औषधं वेगळी का लागतात, हेही यातून कळतं.

दोन मोजमापं समजून घ्या

चाचण्यांचे आकडे दोन मापांत येतात. कातडीसाठी सुधारित रॉडनन स्कोअर : शरीराच्या १७ जागी डॉक्टर कातडी चिमटीत धरून पाहतात, प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात, म्हणजे एकूण जास्तीत जास्त ५१. फुप्फुसासाठी एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेल्या हवेचं प्रमाण; ते मिलिलिटरमध्ये किंवा तशाच निरोगी माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या टक्क्यांत सांगतात.

रॉडनन स्कोअरची एक मोठी अडचण आहे. डिफ्यूज प्रकारात (ज्यात दंड, मांड्या आणि धडाचीही कातडी कडक होते) कातडी सुरुवातीच्या काही वर्षांत वेगाने कडक होते आणि नंतर अनेक रुग्णांमध्ये आपोआप थोडी सैल होऊ लागते. त्यामुळे एखाद्या चाचणीत औषधाच्या गटात कातडी सुधारली, तर ते श्रेय औषधाचं की काळाचं, हे प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी किंवा इंजेक्शन) मिळालेल्या गटाशी तुलना केल्याशिवाय सांगताच येत नाही. "हे घेतलं आणि माझी कातडी मऊ झाली" असे अनुभव खरे असतात, पण त्यावरून औषध ठरवू नये. फुप्फुसाचं असं नाही. तिथे एकदा गमावलेली क्षमता सहसा परत येत नाही, आणि आज या आजारातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण फुप्फुसच आहे. म्हणून या तुलनेत मी फुप्फुसाच्या आकड्यांना जास्त वजन देते.

मायकोफिनोलेट की सायक्लोफॉस्फामाइड

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची ही जोडी आधी, कारण बहुतेकांचा प्रवास इथूनच सुरू होतो, आणि दोघांची समोरासमोर तुलना झालेली आहे. इथे अंदाजाला फारसा वाव उरत नाही.

सायक्लोफॉस्फामाइड जुनं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या स्क्लेरोडर्मा लंग स्टडीत १५८ रुग्णांना वर्षभर तोंडावाटे हे औषध किंवा प्लासिबो दिलं गेलं. वर्षअखेरीस एफव्हीसीत सरासरी २.५३ टक्के गुणांचा फरक पडला, औषधाच्या बाजूने. पण औषध थांबवून आणखी वर्ष गेल्यावर हा फायदा जवळजवळ पुसला गेला.

मग दुसरी चाचणी आली, २०१६ मध्ये. १४२ रुग्ण. एका गटाला दोन वर्षं मायकोफिनोलेट, दिवसाला ३ ग्रॅमपर्यंत. दुसऱ्याला एक वर्ष सायक्लोफॉस्फामाइड आणि पुढचं वर्ष प्लासिबो. दोन्ही गटांत एफव्हीसी थोडी वाढली : मायकोफिनोलेटमध्ये २.१९ आणि सायक्लोफॉस्फामाइडमध्ये २.८८ टक्के गुण. सांख्यिकीच्या दृष्टीने हा फरक नाहीच. कातडीचा स्कोअरही दोन्हीकडे साधारण पाच गुणांनी उतरला. त्रास मात्र सारखा नव्हता. पांढऱ्या पेशी घसरण्याचा प्रकार सायक्लोफॉस्फामाइडच्या गटात ३० जणांना झाला, मायकोफिनोलेटच्या गटात ४ जणांना. सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाला इजा होऊ शकते, स्त्रियांची बीजकोशं आणि पुरुषांचं शुक्राणू बनणं कायमचं बिघडू शकतं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, हे वेगळंच.

फायदा सारखा आणि किंमत वेगळी, तेव्हा निवड सोपी होते. २०२३ नंतर आलेल्या अमेरिकन आणि युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही मायकोफिनोलेटला आघाडीचं स्थान आहे. कातडी आणि फुप्फुस दोन्हींसाठी सुरुवात करायची, तर माझ्या मते हेच पहिलं औषध. सायक्लोफॉस्फामाइड आता फुप्फुस वेगाने ढासळत असेल किंवा इतर मार्ग बंद असतील, तेव्हाचं.

मायकोफिनोलेटचे स्वतःचे त्रास आहेत. पोट बिघडतं, रक्तपेशी कमी होऊ शकतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. गर्भावर त्याचा गंभीर परिणाम होतो, म्हणून मूल हवं असेल तर निदान सहा आठवडे आधी ते बंद करावं लागतं, आणि तेही डॉक्टरांशी ठरवून. पूर्ण मात्रा एकदम सोसत नाही. हळूहळू वाढवली तर बरेच जण टिकतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात. तीन महिन्यांत काही झालं नाही म्हणून औषध निरुपयोगी ठरवणं घाईचं होईल.

निंटेडानिब की टोसिलिझुमॅब

ही दोन्ही या आजारातल्या फुप्फुसासाठी अमेरिकेच्या एफडीएने (औषध-नियामक संस्थेने) मान्य केलेली औषधं, निंटेडानिब सप्टेंबर २०१९ मध्ये आणि टोसिलिझुमॅब मार्च २०२१ मध्ये. दोघांच्या परवानगीत शब्दही सारखेच : फुप्फुसाच्या घसरणीचा वेग कमी करणं. म्हणून ती एकमेकांना पर्याय वाटतात. प्रत्यक्षात ती अगदी वेगळ्या रुग्णांवर तपासली गेली आहेत, आणि तुलना करताना बहुतेक गोंधळ इथेच होतो.

निंटेडानिब प्रतिकारशक्ती दाबत नाही. फायब्रोब्लास्टला वाढीचे आदेश पोचवणारी पीडीजीएफ, एफजीएफ आणि व्हीईजीएफ यांची ग्राहक-प्रथिनं ते अडवतं. सेन्सिस नावाच्या चाचणीत ५७६ रुग्ण होते, डिफ्यूज आणि लिमिटेड (ज्यात कातडी कोपर-गुडघ्यांच्या खाली आणि चेहऱ्यापुरतीच कडक होते) दोन्ही प्रकारचे; सीटी स्कॅनवर फुप्फुसाचा किमान १० टक्के भाग फायब्रोसिसने व्यापलेला. ५२ आठवड्यांत प्लासिबो गटाची एफव्हीसी वर्षाला ९३.३ मिलिलिटरने घटली, निंटेडानिब गटाची ५२.४ मिलिलिटरने. फरक ४१ मिलिलिटरचा.

४१ मिलिलिटर हा आकडा दिसायला क्षुल्लक वाटतो. पण घसरणीचा वेग सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाला, आणि हा आजार एका वर्षाचा नसतो. दहा वर्षांचा विचार केला की वजन कळतं. तरी एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी : निंटेडानिब घेऊन श्वास सुधारल्याचं जाणवेल, अशी अपेक्षा ठेवू नये. ते घसरण हळू करतं. रोजच्या आयुष्यात त्याचा फायदा दिसत नाही, आणि त्रास मात्र दिसतो. चाचणीत जुलाब ७५.७ टक्के रुग्णांना झाले, प्लासिबोवर ३१.६ टक्के. या आजारात आतडी आधीच बिघडलेली असतात, त्यामुळे ज्यांचं वजन उतरतंय किंवा पोट सतत त्रास देतंय त्यांना हे औषध कठीण जातं. मात्रा दिवसातून दोनदा १५० ऐवजी १०० मिलिग्रॅम करून बरेच जण तग धरतात. यकृताची तपासणी नियमित लागते, आणि गर्भावस्थेत हेही चालत नाही. कातडीवर सेन्सिसमध्ये काहीच फरक पडला नाही.

टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ चा संदेश अडवतं. आठवड्यातून एकदा १६२ मिलिग्रॅमचं इंजेक्शन कातडीखाली. फोकस्ड या २०२० च्या चाचणीत २१० रुग्ण होते, सगळे डिफ्यूज प्रकारचे, आजार पाच वर्षांच्या आतला आणि रक्तात दाहाची खूण वाढलेली. मुख्य कसोटी कातडीची होती आणि तिथे औषध नापास झालं : स्कोअर ६.१ ने उतरला, प्लासिबोवर ४.४ ने, आणि हा फरक योगायोगाचा असू शकतो. पण दुय्यम कसोटीत फुप्फुस वाचलेलं दिसलं. प्लासिबो गटाची एफव्हीसी ४८ आठवड्यांत ४.६ टक्के गुणांनी घसरली, औषधाच्या गटाची जेमतेम ०.४ ने.

मुख्य कसोटीत अपयशी ठरलेल्या चाचणीवर विसंबावं का, हा प्रश्न रास्त आहे. आधीच्या ८७ रुग्णांच्या छोट्या चाचणीतही फुप्फुसाचा असाच कल दिसला होता, म्हणून मी या निकालावर विश्वास ठेवते. त्याच्या मर्यादेत मात्र. तो निकाल सुरुवातीच्या, दाह पेटलेल्या डिफ्यूज आजाराचा आहे. दहा वर्षं जुना, शांत, लिमिटेड प्रकारचा आजार असलेल्या माणसाला तो आकडा लागू होत नाही.

आणखी एक फरक तुलनेत हमखास सुटतो. सेन्सिसमध्ये जवळपास निम्म्या रुग्णांचं मायकोफिनोलेट चालू होतं. फोकस्डमध्ये सोबत दुसरं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरुवातीला चालू नव्हतं. त्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी मांडून "४.२ टक्के मोठे की ४१ मिलिलिटर" असा हिशोब करणं चुकीचं आहे. सेन्सिसमधून एक उपयोगी गोष्ट मात्र हाती लागते : मायकोफिनोलेट आणि निंटेडानिब दोन्ही घेणाऱ्यांची घसरण सगळ्यात कमी होती, वर्षाला सुमारे ४० मिलिलिटर, दोन्हींपैकी काहीच न घेणाऱ्यांची सुमारे ११९. मायकोफिनोलेट कुणाला द्यायचं हे त्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, म्हणून हा पक्का पुरावा नाही, पण दिशा कळते.

थोडक्यात माझी निवड अशी : आजार नवा, कातडी झपाट्याने कडक होतेय, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेलं, फुप्फुसात बदल नुकते दिसू लागलेत, तर टोसिलिझुमॅबचा विषय तातडीने काढावा. मायकोफिनोलेट चालू असूनही फायब्रोसिस सरकतोय, किंवा आजार जुना असून स्कॅनवर मुख्यतः व्रण दिसतोय, तर निंटेडानिब जोडावं. टोसिलिझुमॅबवर असताना सीआरपी दबून राहतं, त्यामुळे संसर्ग झाला तरी रक्ततपासणी फसवी निघू शकते. ताप आला की हे डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. आतड्याला छिद्र पडण्याचा दुर्मीळ धोकाही आहे, म्हणून आतड्याचे जुने विकार आधी सांगावेत.

पिरफेनिडोनबद्दल विचारणा होते, कारण दुसऱ्या एका फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये ते वापरतात. मायकोफिनोलेटला ते जोडून पाहणारी चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने लवकर थांबली आणि ठळक फायदा दाखवू शकली नाही. आज निंटेडानिबच्या आधी त्याचा विचार करावा, असं मला वाटत नाही.

रिटुक्सिमॅब

बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारपेशी) हटवणारं हे औषध कातडीच्या बाबतीत सगळ्यात आशादायक दिसतं. जपानमधल्या डिझायर्स चाचणीत ५६ रुग्ण होते. २४ आठवड्यांत रिटुक्सिमॅब गटाचा स्कोअर ६.३ ने उतरला आणि प्लासिबो गटाचा २.१४ ने चढला. प्लासिबो गटात कातडी बिघडत असताना औषधाच्या गटात ती सुधारली, हा निकाल इतर चाचण्यांपेक्षा वेगळा आणि ठसठशीत आहे. जपानने २०२१ मध्ये त्याला या आजारासाठी परवानगी दिली.

फुप्फुसासाठी रेसिटल ही २०२३ ची चाचणी सायक्लोफॉस्फामाइडशी थेट सामना लावणारी. संयोजी ऊतींच्या वेगवेगळ्या आजारांतल्या १०१ रुग्णांमध्ये दोन्ही औषधांनी एफव्हीसी जवळपास सारखीच वाढवली, रिटुक्सिमॅब वरचढ ठरलं नाही, पण त्याचे दुष्परिणाम कमी होते. म्हणजे मायकोफिनोलेट पुरत नसेल आणि पूर्वी ज्या जागी सायक्लोफॉस्फामाइड दिलं असतं, तिथे आता रिटुक्सिमॅब बसतं. सांध्यांची सूज किंवा स्नायूंचा दाह सोबत असेल तर आणखी चांगलं. देण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी हवीच, कारण दबलेला विषाणू उसळू शकतो. लसीही आधीच घ्याव्यात. बी पेशी गेल्यावर लसीला शरीर नीट प्रतिसाद देत नाही.

प्रत्यारोपण की कार-टी

रुग्णाच्याच रक्तातून मूलपेशी काढून ठेवायच्या, तीव्र औषधांनी (काही पद्धतींत किरणोत्सारानेही) प्रतिकारयंत्रणा पुसून टाकायची आणि मूलपेशी परत देऊन ती नव्याने उभी करायची. आयुर्मान वाढवल्याचा यादृच्छिक (कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवणाऱ्या) चाचण्यांतला पुरावा या आजारात याच उपचाराकडे आहे. गोळ्या आणि इंजेक्शनांपैकी कुणाकडेही नाही.

अ‍ॅस्टिस ही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी, १५६ रुग्णांची. प्रत्यारोपण गटातले ८ जण, म्हणजे १०.१ टक्के, पहिल्या वर्षात उपचारामुळेच गेले. पण पुढच्या वर्षांत चित्र पालटलं आणि प्रत्यारोपण झालेले जास्त काळ जगले. २०१८ च्या स्कॉट चाचणीत ७५ रुग्ण होते. ५४ महिन्यांनंतर मृत्यू किंवा अवयव निकामी होणं यांपासून वाचलेले प्रत्यारोपण गटात ७९ टक्के, सायक्लोफॉस्फामाइड गटात ५० टक्के. उपचारामुळे होणारे मृत्यू ३ टक्के, ७२ महिन्यांपर्यंत ६ टक्के.

हा निर्णय कुणालाही सोपा जात नाही. आज चालता-फिरता असलेला माणूस पुढची पाच वर्षं वाचवण्यासाठी येत्या काही महिन्यांतला मृत्यूचा धोका पत्करतो. आणि विचित्र अशी गोष्ट की ज्यांचं हृदय आणि फुप्फुस अजून बऱ्यापैकी शाबूत आहे त्यांनाच हा उपचार झेपतो. वाट पाहून, बाकी सगळं करून झाल्यावर मागितला तर मिळत नाही. म्हणून डिफ्यूज प्रकार, पहिली चार-पाच वर्षं, कातडी आणि फुप्फुस दोन्ही वेगाने बिघडतंय, अशी परिस्थिती असेल तर प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला आधीच घ्यावा, मग पुढे नको ठरलं तरी चालेल. सल्ला घेणं म्हणजे होकार देणं नव्हे. केंद्राचा अनुभव किती, या आजारातली किती प्रत्यारोपणं त्यांनी केलीत, हृदयाची तपासणी किती खोलवर करतात, हे प्रश्न बिनधास्त विचारावेत; मृत्यूदर खाली येण्यात रुग्णांच्या काटेकोर निवडीचा मोठा वाटा आहे. अ‍ॅस्टिसमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना फायदा कमी दिसला, हेही लक्षात ठेवण्याजोगं.

कार-टी मध्ये रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना बी पेशी ओळखून मारायला शिकवून परत दिलं जातं. जर्मनीत एर्लांगेनच्या गटाने २०२४ मध्ये १५ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यात सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे ४ होते. त्यांचा आजार थंडावला आणि बाकीची औषधं बंद करता आली. त्याच वर्षी चीनमधून निरोगी दात्याच्या, जनुकीय बदल केलेल्या पेशी वापरून तीन रुग्णांवर केलेला उपचार प्रसिद्ध झाला, त्यातले दोघे या आजाराचे. रिटुक्सिमॅब पोचत नाही अशा, ऊतींत खोलवर दडलेल्या बी पेशींपर्यंत या पेशी पोचतात, असं दिसतं.

मला यातून खूप आशा वाटते. तरी चार रुग्णांवरून प्रत्यारोपणाच्या जागी कार-टी ठेवता येत नाही. एकाकडे वर्षानुवर्षांचे, तुलनात्मक आकडे आहेत. दुसऱ्याकडे प्लासिबो गट नाही आणि काळही थोडा गेलाय. कार-टी चाचणीत जागा मिळत असेल आणि प्रत्यारोपणाचा धोका तुमच्यासाठी जास्त असेल, तर ती जरूर घ्यावी. चाचणीबाहेर, पैसे भरून मिळणाऱ्या अशा उपचाराच्या जाहिरातींपासून मात्र दूर राहावं.

मुळावर घाव घालायचा तर

टीजीएफ-बीटा जर एवढा महत्त्वाचा, तर सरळ त्यालाच का अडवत नाहीत? प्रयत्न झालेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याविरुद्धच्या एका अँटिबॉडीचा काही उपयोग झाला नाही. २०१५ मध्ये फ्रेसोलिमुमॅब या दुसऱ्या, जास्त प्रभावी अँटिबॉडीने १५ रुग्णांत कातडी लक्षणीय सुधारली, आणि कातडीच्या नमुन्यांत टीजीएफ-बीटाने चालू होणारी जनुकंही मंदावली. म्हणजे सिद्धांत बरोबर होता. पण रक्तस्राव आणि पंडुरोग झाले. टीजीएफ-बीटा शरीरभर इतर कामंही करतं, प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणं आणि काही गाठींना रोखणं ही त्यातलीच. त्याला सरसकट बंद करणं महागात पडतं.

म्हणून आता तो फक्त रोगट ऊतीत, तिथल्या तिथे अडवण्याचा प्रयत्न चाललाय. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटेग्रिन सुप्त टीजीएफ-बीटाला जागं करतात, ते रोखायचे. कल्पना सुंदर, वाट अवघड : अशा एका औषधाची, बेक्सोटेग्रास्टची, इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिसमधली (कारण न कळणाऱ्या फुप्फुस-फायब्रोसिसमधली) मोठी चाचणी २०२५ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने थांबवावी लागली.

अपयशाची यादी मोठी आहे. डी-पेनिसिलामाइनची जास्त मात्रा अगदी थोड्या मात्रेपेक्षा वरचढ नाही, हे १९९९ मध्ये दिसलं. रिलॅक्सिन कातडीत अपयशी ठरलं, शिवाय थांबवल्यावर काहींच्या मूत्रपिंडांवर आघात झाला. रिओसिग्वाट, अ‍ॅबाटासेप्ट, लेनाबासम यांनी मुख्य कसोटी गाठली नाही. लेनाबासमच्या चाचणीतून शिकण्यासारखं बरंच आहे : तिथे रुग्णांना आधीची औषधं चालू ठेवू दिली होती आणि प्लासिबो गटच इतका सुधारला की नव्या औषधाला दाखवायला जागा उरली नाही. तो प्लासिबो गट म्हणजे प्रत्यक्षात बहुतांशी मायकोफिनोलेटसारख्या औषधांचा गट होता.

उंदरांवरचे निकाल बातमीत येतात तेव्हा हेही आठवावं : ब्लिओमायसिन देऊन उंदरात केलेला फायब्रोसिस बराचसा आपोआप ओसरतो. माणसाचा ओसरत नाही.

जवळच्या काळात लक्ष ठेवण्यासारखं नाव मला नेरांडोमिलास्ट वाटतं. पीडीई४-बी या विकराला (एन्झाइमला) रोखणारी ही गोळी दाह आणि फायब्रोसिस दोन्हींना हात घालते. वाढत जाणाऱ्या फुप्फुस-फायब्रोसिसच्या मोठ्या चाचणीत, ज्यात संधिवाताशी जोडलेले आजारही होते, २०२५ मध्ये एफव्हीसीची घसरण कमी झालेली दिसली. जुलाब होतात, पण निंटेडानिबपेक्षा ती सोसायला सोपी दिसते. इंटरफेरॉनचा संदेश अडवणारं अ‍ॅनिफ्रोलुमॅबही या आजारात तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आहे.

निर्णयाआधी हातात काय हवं

छातीचा हाय-रिझोल्यूशन सीटी, तोही खोकला-दम नसतानाच. एफव्हीसी आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो, त्याचं माप) एकदाच नव्हे, तर सुरुवातीच्या वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी. एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडीचा प्रकार : एससीएल-७० असेल तर फुप्फुसावर बारीक लक्ष, आरएनए पॉलिमरेज-३ असेल तर रक्तदाब रोज मोजायचा, कारण मूत्रपिंडाच्या आणीबाणीचा (रक्तदाब अचानक चढून मूत्रपिंड निकामी होण्याचा) धोका जास्त. रेनॉड सोडून पहिलं लक्षण केव्हा दिसलं त्याची तारीख. उपचाराची योग्य वेळ त्यावरून मोजतात.

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड या तुलनेत मी मुद्दामच घेतली नाहीत. इतर आजारांत त्यांनी लगेच बरं वाटतं म्हणून त्यांची मागणी होते, पण इथे दिवसाला १५ मिलिग्रॅमहून जास्त मात्रा मूत्रपिंडाची आणीबाणी ओढवू शकते, आणि फुप्फुसाच्या फायब्रोसिससाठी ती देऊ नयेत, असं २०२३ च्या अमेरिकन सूचनांत ठामपणे म्हटलंय. दुसऱ्या कुठल्या तक्रारीसाठी, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी ती लिहिली, तरी सिस्टेमिक स्क्लेरोसिस आहे हे त्यांना आधी सांगावं.

नव्या औषधाच्या चाचणीत जायचा विचार असेल, तर तो मायकोफिनोलेट किंवा रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधीच बोलून दाखवावा. बऱ्याच चाचण्यांत आजार किती वर्षांचा आणि याआधी कोणती औषधं किती दिवस घेतली यांवर प्रवेश ठरतो; रिटुक्सिमॅबनंतर तर अनेक महिने थांबायला सांगतात. चाचणीची वाट पाहताना फुप्फुस घसरत असेल, तर मात्र थांबू नये.